इंदूअक्का नाव परत घ्यायला यायची

परवा वरणगावकडचा एक माणूस मोटारसायकलवर आला. मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी. माझ्या ओट्याशी गाडी थांबवून विचारलं, "काका, इंदूअक्का कोणत्या घरात राहतात?"

मी शेजारचं घर दाखवलं. दाराला कुलूप. म्हटलं, "त्या घरात राहत होत्या. हिवाळ्यात गेल्या."

तो माझ्याकडे बघायला लागला, मग हातातल्या मोबाईलकडे. "पण इथं तर दाखवतंय. समाजाच्या मंडळाचं नाव, खाली अक्काचं नाव, असोदा, स्थळांसाठी भेटा. हे बघा ना."

"ते जुनं आहे, भाऊ. मंडळाने अक्काचं नाव काढून टाकलं. तुमच्या मोबाईलला अजून कोणी सांगितलेलं नाही."

बाई पदराआड हसली. "मोबाईलले कोन सांगते, बाबा?"

"सांगावं लागतं," मी म्हटलं. "नाही सांगितलं तर तो आपल्या फेरीने यायचा तेव्हा येतो. तोवर मेलेलं माणूस घरात बसवून ठेवतो."

म्हातारा चळला असं त्यांना वाटलं असेल. मी पाणी दिलं, आणि दोघांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. मेलेल्या माणसाची बातमी सांगून साखर देतो, हे त्यांना बरं वाटलं नाही. बाईने ती हळूच खाली सोडली. मी पाहिलं. साखर का दिली ते तिला कसं कळणार? मी सातवी नापास माणूस, आयुष्य केळीच्या बागेत गेलं, लिहायची सवय नाही. पण अक्का कोण होती ते कुठंतरी लिहिलेलं असावं, आणि ते मीच लिहावं अशी माझ्यावर पाळी आहे.

अक्का माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. तिच्या लग्नाच्या वरातीत मी लेझीम खेळायला धावत होतो असं माझी आई सांगायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. उंच, वाळकी बाई. सुती लुगडं, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून चालायची, आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत मुलामुलींच्या फोटोंचा अल्बम, एक दांडी दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि साखरेचा स्टीलचा डबा. सोयरिकी जुळवणं हे तिचं काम. लग्न जमलं की कोणी लुगडं दिलं तर घ्यायची. नाही दिलं तर दुसऱ्या दिवशी येऊन मागायची. "इसरला असशीन म्हनून आली," असं म्हणायची आणि ओट्यावर बसून राहायची.

घर पाहण्याची तिची रीत होती. गेल्या गेल्या पाणी मागायची. तहान असो नसो. पाणी कोण आणतं ते बघायची. सासू उठते, सून उठते, की एखादा पुरुषही उठतो. "पानी मांगितल्यावर सारे एकमेकायकडे पाहतात, त्या घरात पोरगी देऊ नही," असं तिचं मत. एकदा नशिराबादच्या एका मोठ्या बागायतदाराच्या घरून ती तहानलेलीच परत आली होती. घरात फ्रिज, दारात दोन गाड्या, आणि पाणी आणायचं कोणी यावर मायलेकांची जुंपली. अक्का आमच्या घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "कमल, ते फिरीज विकून माठ घ्या म्हना."

कमल म्हणजे आमच्या घरची.

अक्काचा दुसरा कायदा गप्प बसण्याचा. "पोरगी गप्प बसली म्हंजे हो. पोरगा गप्प बसला म्हंजे त्याची माय नही म्हनते." आमच्या मुलीचं, उज्ज्वलाचं, धुळ्याचं स्थळ अक्कानेच आणलं. उजीला विचारलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. मान वर केली नाही, शेंगा सोलतच राहिली. मी म्हटलं, अगं, तोंडाने सांग काहीतरी. अक्काने माझ्या मांडीवर चापट मारली. "तुले काय तिच्या तोंडातून भाषन पाहिजे? झालं तिचं सांगून." खरंच झालेलं होतं. उजीचं चांगलं चाललं आहे.

आणि तिसरी गोष्ट साखरेची. हे दुसऱ्या कुठल्या सोयरिकी जुळवणाऱ्याकडे मी पाहिलेलं नाही. उजीचं ठरल्यावर अक्का मला म्हणाली, "गाडी काढ. तुह्या पोरीचं नाव परत घ्यायले जाऊ." उजीसाठी तिने ज्या ज्या घरी शब्द टाकला होता, त्या प्रत्येक घरी ती गेली. मी गाडीवर, ती मागे, डबा मांडीवर. नशिराबादला एका घरचा म्हातारा तोंड पाडून बसला होता. म्हणाला, "आम्ही नाही कुठं म्हटलं होतं?"

"हो बी कुठी म्हटलं व्हतं? तोंड उघडा."

तिने त्याच्या तोंडात साखर घातली. "या तोंडात आमच्या पोरीचं नाव घातलं व्हतं. आता तिचं ठरलं. नाव गिळून टाका, वर साखर खा." त्या घरी तिने पाणी घेतलं नाही. नाव परत घेताना पाणी प्यायचं नाही, असा तिचाच नेम.

परत येताना मी म्हटलं, "अक्का, एवढं कशाला? लग्न झालं की लोकांना कळतंच."

"कळत नही रे, बापा. आपून सांगितलं नही तर लोक जुनं तेच धरून बसतात. उद्या कोनी म्हनीन, हिले तर आम्ही पाहिली व्हती, कोनी म्हनीन, हिले तर आम्ही सोडली व्हती. ढोर मोकळं सोडलं तर सांजच्याले बांधून आनतो का नही? मंग पोरीचं नाव काहून मोकळं सोडा?"

मग मंडळाने मोबाईलवरचं काम सुरू केलं. जळगावचे चिटणीस आले, अल्बममधल्या फोटोंचे फोटो काढून नेले, आणि अक्काचं नाव खाली टाकलं. अक्काला फार आनंद झाला. जो येईल त्याला म्हणायची, "आता माह्या गुडघ्याले सुटी. नाव आपल्या पायानं फिरते." मोबाईल तिच्याकडे होता, पण नुसता बोलण्याचा. नाव कसं फिरतं ते तिने पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं.

कमल गेली तेव्हा केळीची कापणी चालू होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मुलगी धुळ्याला, घरात मी एकटा. सुरुवातीला लोकांनी डबे दिले, मग बंद झाले. बरोबर आहे, किती दिवस देतील? मी भाकरी थापायला शिकलो. शिकलो म्हणजे, पोटात जाईल असं काहीतरी करायला लागलो.

एक दिवस दिवेलागणीला अक्का वाटीत भरीत घेऊन आली. मी चुलीपुढे. भाकरी तव्यावर टाकताना मोडली होती, तिचे तुकडे मी उलथन्याने जुळवत होतो. अक्का दारातच उभी राहिली. वाटी खाली ठेवली नाही. म्हणाली, "सुपडू, एक विचारू का? तुह्यासाठी कोनी पाहू का?"

मला गावात सगळे फटकळ म्हणतात. ग्रामसभेत सरपंचाला तोंडावर खोटारडा म्हणणारा मी. मला फक्त 'नको' म्हणायचं होतं. किंवा 'काय बोलता, अक्का' म्हणायचं होतं. मी काहीच बोललो नाही. भाकरीचा धूर व्हायला लागला. मी एक एक तुकडा उलटला. अक्का थोडा वेळ थांबली, वाटी चुलीशेजारी ठेवली आणि गेली.

तिचा कायदा मला माहीत होता. माझ्याच घरात, माझ्याच मुलीवर तो लागू झालेला मी पाहिला होता. मग मी हो म्हटलं का? मला खरंच माहीत नाही. ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती हीच. माणसाला स्वतःचं एवढंही माहीत नसावं?

पुढं धुळ्याहून उजीचा फोन आला. रोजच्यासारखं 'जेवलात का' नाही, काही नाही. "बाबा, हे काय आहे?"

झालं होतं असं. विहीणबाई आपल्या भाच्यासाठी मुलगी पाहत होत्या. आमच्याकडचं कोणी सापडतं का म्हणून घरात कोणीतरी मोबाईलमध्ये असोदा आणि आमचं आडनाव टाकलं. सगळ्यांच्या आधी मीच निघालो. उजीने मला वाचून दाखवलं. विधुर. शेती, केळीची बाग. पक्के घर. निर्व्यसनी. स्वभाव शांत.

'निर्व्यसनी' वाचताना माझ्या गालात तंबाखू होती. 'स्वभाव शांत' वाचताना मागे कोणीतरी हसलेलं मला ऐकू आलं. उजी हसली नाही.

"फोटो माझ्या लग्नातला आहे, बाबा. तुमच्या शेजारी आई होती. आईला कापलंय. तिचा हात राहिलाय तुमच्या बाहीवर. हिरव्या बांगड्यांचा." मग म्हणाली, "आईचं वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं होतं."

फोन ठेवला तिने. त्यानंतर रोजचा फोन बंद. मला एकच धास्ती पडली. वर्षश्राद्धाला उजी यायची होती. ती आली नाही तर कमलचं पान कोण वाढणार? आणि आली, तर मोबाईलमध्ये मी तसाच बसलेलो असणार, बायको पाहिजे म्हणून. काही करून ते त्याआधी पुसलं जायला हवं होतं.

मी अक्काच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "धुळ्यापोत गेलं?" एवढंच म्हणाली. तिला वाटत होतं, नाव फिरलं तर यावल-रावेरपर्यंत फिरेल, आणि कोणाच्या घरी जातं ते तिला विचारून जाईल. लगेच चिटणिसाला फोन लावला. "सुपडूचं नाव काढा. आजच काढा." तो म्हणाला, काढतो, अक्का.

आणि त्याने काढलं ते कसं, तर मंडळात नाव काढायची एकच पद्धत होती. लग्न जमलं म्हणूनच नाव निघतं, दुसरं कशाला निघणार? त्याने माझ्या फोटोवर लाल शिक्का मारला, 'विवाह जमला. हार्दिक अभिनंदन', आणि दोन्ही बाजूंनी झेंडूचे हार. खालचं सगळं तसंच.

यावेळी फोन उजीचा नव्हता, विहीणबाईंचा होता. त्या पक्क्या धुळ्याच्या, अहिराणीत बोलतात. "व्याही, लगीन करी टाकं आनि आमले सांगं बी नही? अशी कशी रीत शे तुमनी?" थट्टा होती की राग, मला कळलं नाही. मागे उजी होती का ते विचारायची हिंमत झाली नाही. फोन कानाला लावून मी बागेत उभा, आणि मजूर घड उतरवता उतरवता माझ्याकडे बघत होते. मी "चूक झाली" म्हटलं. त्या म्हणाल्या, "लगीन कराम्हा कसानी चूक?" आता तुम्हीच सांगा, यावर माणसाने काय बोलावं?

दुसऱ्या दिवशी अक्काने मला जळगावला नेलं. मी तिला नेलं असं म्हणवत नाही. चिटणिसाच्या घरी मी फाटकाशीच थांबलो. आत गेलो तर अभिनंदन करतील अशी भीती. उघड्या खिडकीतून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"अहो अक्का, शिक्का मारला की आता कोणी फोन करणार नाही."

"भाऊ, पोरगं पाटीवर चुकलं तर पाटी पुसता, का वरून फूल काढता?"

"पान काढलं तर नंबर चुकतात पुढचे. बघतो रविवारी."

"बरं. मी रविवारपोत बसते. पानी आना."

चिटणीस बायकोकडे बघायला लागला, बायको मुलाकडे. अक्का म्हणाली, "राहू द्या. समजलं." तिने मांडी घातली ती घातलीच. दुपारच्या जेवणाला त्यांनी ताट केलं, ती जेवली नाही. तिला उपाशी ठेवून आपण जेवायचं कसं, या पेचात ते पडले. शेवटी त्याने कॉम्प्युटर उघडला आणि माझं पान मुळासकट काढलं. अक्काने चष्म्याचा दोरा कानाला गुंडाळून पडद्यावर बोट ठेवून खात्री केली. वाचता येत नव्हतं, पण हिरव्या बांगड्या तिला ओळखता येत होत्या. त्या तिथं नाहीत हे पाहून ती उठली.

मला वाटलं, मिटलं. बसस्टँडवर एका ओळखीच्या पोराला मोबाईलमध्ये माझं नाव टाकायला लावलं. आलं. विधुर. केळीची बाग. स्वभाव शांत. दोन ओळी आणि बोटभर फोटो.

अक्का म्हणाली, "चिटनीस खोटं बोलला." परत त्याच्या घरी जायला निघाली. मीच अडवलं. म्हटलं, आता त्या घरी गेलो तर पोलीस बोलावतील. ती डबा मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "मंग धुळ्याची गाडी पाहा. तिथून तं आपल्या पायानं आनते."

धुळ्याला आम्ही न कळवता गेलो. दार उजीने उघडलं. मला पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, परक्या माणसापुढे करतात तसा. विहीणबाई म्हणाल्या, "बठा, अक्का, बठा." अक्का बसली नाही. पाणी आलं, घेतलं नाही. मी ओळखलं, ही नाव परत घ्यायला आली आहे.

जावईबापू घरी होते. सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर असतात. शांत माणूस. स्वभाव शांत असं लिहायचं तर त्यांच्या नावापुढे लिहावं. अक्काने त्यांनाच धरलं. "जावईबापू, पुसलं म्या माह्या डोयानं पाहिलं. मंग दिसते कसं?"

जावयाकडून सासऱ्याच्या लग्नाच्या जाहिरातीचा खुलासा ऐकायचा, ही वेळ वैऱ्यावर येऊ नये. मी फरशीकडे बघत होतो. ते मात्र आजारी माणसाशी बोलावं तसं सावकाश बोलले. "अक्का, आपण मोबाईलला विचारतो तेव्हा तो त्याच वेळी मंडळाच्या पानावर जाऊन बघत नाही. शोधून देणाऱ्या कंपनीची यंत्रं आधीच सगळीकडे फिरून येतात, पानं वाचतात, आणि त्यांची नक्कल आपल्याकडे ठेवतात. आपण विचारलं की त्या नकलेतलं सांगतात. मंडळाने पान काढलं, पण यंत्राची फेरी तिकडे परत झालेली नाही. झाली की त्यालाही कळेल, पान नाही. मग ते विसरेल."

"फेरी कवा व्हते?"

"ते आपल्या हातात नाही. मोठ्या वर्तमानपत्राच्या पानावर सारखी होते. मंडळाकडे कधीमधी."

अक्का गुडघा चोळत उभी. मग म्हणाली, "म्हंजे ते माह्यासारखंच हाय. एक डाव ऐकलं की तेच सांगत फिरते. खोटं बोलत नही, त्याले कोनी जाऊन सांगितलंच नही." आणि लगेच म्हणाली, "त्याच्या तोंडात साखर कशी घालाव?"

जावईबापू हसले नाहीत. म्हणाले, तीही सोय आहे. कंपनीकडे अर्ज करता येतो. पानाचा पत्ता द्यायचा आणि कळवायचं, हे पान आता नाही, तुमच्याकडचं जुनं आहे. ते तपासतात, खरंच नसेल तर काढून टाकतात. "मी मागेच एक अर्ज केला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तो नाकारला. तेव्हा पान होतंच ना, शिक्का मारलेलं. मूळ जागी असलेली गोष्ट ते जुनी कशी मानतील?" उजीने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. त्यांनी तिथंच बसून दुसरा अर्ज केला. माझ्या नावाने, माझ्यासमोर.

मग अक्का उजीकडे वळली. घरात विहीणबाई, त्यांच्या जाऊबाई, सगळे होते. म्हणाली, "उजी, तुह्या बापाचा यात काही दोष नही. म्या त्याले विचारलंच नव्हतं. माह्या मनानं नाव देऊन टाकलं. बुढीची अक्कल. चूक माही."

हिने आयुष्यात कुठल्या पोराचं वय कमी सांगितलं नाही, कोणाचा लंगडा पाय लपवला नाही. भरल्या घरात ती खोटं बोलली. मी समोर होतो. 'विचारलं होतं' हे दोन शब्द माझ्या तोंडात होते. फरशीवर एक पाकळी पडली होती देवपूजेतली, मी तिच्याकडे बघत राहिलो.

अक्काने डबा उघडला. विहीणबाईंच्या तोंडात साखर घातली, त्यांनी मुकाट्याने खाल्ली. जाऊबाईंना दिली, जावयांना दिली. उजीने तोंड उघडलं नाही. हात पुढे केला, साखर घेतली आणि मूठ मिटली.

बसस्टँडवर सोडायला ती आली. मूठ तशीच. अक्का बाकावर बसली होती, जरा लांब. उजी म्हणाली, "बाबा, खरंच विचारलं नव्हतं त्यांनी?"

मी म्हटलं, "गाडी लागली वाटतं."

गाडी लागलेली नव्हती. तिलाही दिसत होतं.

त्यानंतर अक्का गावोगाव गेली. कुठं कुठं ते मला पूर्ण माहीत नाही. मी गाडी काढतो म्हटलं तर म्हणाली, "ज्याचं नाव परत घ्या लागते, त्यानं संगं येऊ नही." उजीच्या वेळी हा नियम नव्हता. माझी लाज राखायला तिने तो नवा केला. सकाळच्या एसटीने जायची, गुडघा धरून परत यायची. जिथं जिथं कोणी माझं वाचलं असेल असं तिला कळलं, तिथं तिथं. माणसांकडच्या फेऱ्या ती करत होती, यंत्राच्या फेरीची आम्ही वाट बघत होतो.

मग एका दुपारी जावयांचा फोन. "बाबा, अर्ज मान्य झाला. ओळी गेल्या. फोटो लहानसा दिसतोय अजून, तोही जाईल." मी उगाच विचारलं, "फोटोत हात आहे का?" ते म्हणाले, "आहे." पुढं वर्षश्राद्धाच्या तोंडावर पुन्हा फोन आला, फोटोही गेला. मी 'बरं झालं' म्हटलं. बरंच झालं. पण फोन ठेवल्यावर मी आपल्या बाहीकडे बघितलं, हे लिहायला काय हरकत आहे.

वर्षश्राद्धाला उजी आली. पहाटेपासून राबली. खीर, वडे, कढी, कमलच्या आवडीचं भरीत. पान वाढून आम्ही कुडावर ठेवलं. कावळा लगेच शिवला. उजी रडली, मग माझ्याशी बोलली. भाकरीचं पीठ जाड दळता का, एवढंच विचारलं. पण बोलली.

दुपारी मंडळी जेवून गेली. उजी मागच्या दारी भांडी घासायला बसली. मी ओट्यावर. अक्का आली. त्या दिवशी ती जेवायला आली नव्हती, त्याचं कारण मला आता कळतं. नाव परत घ्यायचं शेवटचं घर राहिलं होतं.

"सुपडू, हात पुढं कर."

"मला कशाला? नाव माझंच तर होतं."

"म्हनूनच. बाकी साऱ्या घरून आनलं. तुह्याच घरचं राह्यलं."

तिने माझ्या तळहातावर साखर ठेवली. डब्याच्या तळची, खरडून काढलेली. मी तोंडात टाकली. पाणी विचारलं, तिने मान हलवली. मग माझ्या जवळ वाकून हळू म्हणाली, "आता कोठीच काही नही. पाटी कोरी. म्हनून एक डाव नीट विचारते. तोंडानं सांग. कोनी पाहू का?"

मागच्या दारी भांड्यांचा आवाज थांबला.

मी तोंड उघडलं. साखर अजून विरघळली नव्हती. 'नको' हा शब्द काही अवघड नाही. लहान मूलसुद्धा म्हणतं. मी अक्काच्या तोंडाकडे बघत होतो, आणि माझ्याच्याने तो म्हणवला नाही. हो तर म्हणायचंच नव्हतं. अक्का थांबली. त्या भाकरीच्या वेळी दारात थांबली होती तेवढाच वेळ थांबली असेल. गप्प बसण्याचा अर्थ काय ते तिला ठाऊक, मला ठाऊक, आणि मागे राखेचा हात घेऊन बसलेल्या माझ्या मुलीलाही ठाऊक.

अक्का सरळ झाली. पदर कानावर ओढला आणि मागच्या दारापर्यंत जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, "काही ऐकू येत नही रे, बापा. बहिरी झाली मी आता."

गुडघ्यावर हात ठेवून ती ओटा उतरली. रस्त्याला लागल्यावर एकदा थांबली, डबा कानाशी नेऊन हलवून पाहिला, काही उरलंय का म्हणून. काही वाजलं नसावं. तो तिने पिशवीत टाकला आणि आपल्या घरात गेली. मागे भांडी परत वाजायला लागली.